आधी ब्रेक, मग पेंट



या सदरात एरवी मोबाइल, पासवर्ड, घरचं वाय-फाय असले विषय असतात. या वेळी विषय आहे जुनी गाडी. मंडळाच्या दिवाळी फराळाला आमची सुमो बघितल्यापासून निदान सहा घरांतून एकच प्रश्न आलाय: "आमच्याकडेही एक उभी आहे रे, तिचं काय करू?" कुणाकडे सुमो, कुणाकडे आर्माडा, एका घरी चक्क जिप्सी. आजोबांनी किंवा काकांनी घेतलेली, आता शेडमध्ये धूळ खात पडलेली, आणि भंगारवाला दारात आला की घरात दोन तट पडतात. व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्याने उत्तर देण्यापेक्षा इथेच एकदा सविस्तर लिहितो.

आमची गाडी 1999 ची. दाजीबानपेठेत दुकान वर-खाली होतं तेव्हा मालही तीच आणायची आणि माणसंही. लग्नाला दहा जण, तुळजापूरला बारा जण (पोलिसांनी हे वाचू नये). पुढे बोळात गाडी लावणं अशक्य झालं. बाजाराच्या दिवशी आणि नवरात्रात तुळजाभवानीच्या देवळाकडे गर्दी असली की सायकलसुद्धा निघत नाही, तिथे सुमो कुठे काढणार. म्हणून ती गोकुळ रोडवरच्या नातेवाइकांच्या शेडमध्ये गेली आणि सहा वर्षं तिथेच राहिली. एक गोष्ट मात्र बाबांनी चोख केली. गाडी उभी असतानाही आरसीचं नूतनीकरण आणि विमा कधी चुकू दिला नाही. कागद जिवंत होते म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

थोडा इतिहास, कारण त्याचा खर्चाशी संबंध आहे. सुमो 1994 मध्ये बाजारात आली आणि 2019 मध्ये बंद झाली. नाव टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांवरून पडलं. इंग्रजी स्पेलिंगमधल्या नावाची आणि आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरं. गाडी आली तेव्हा त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती. (मराठीतून जोडलं असतं तर 'सुमु' झालं असतं, मग कोण घेणार होतं?) तिचं घराणं सुरू होतं 1988 च्या टाटामोबाइल या पिकअपपासून. त्याच कुळात 1991 ची सिएरा, 1992 ची इस्टेट आणि मग सुमो. म्हणजे खाली ट्रकसारखी शिडीची चासी, वर डबा, आणि 1948 सीसीचं साधं डिझेल इंजिन, ताकद सत्तर हॉर्सपॉवरच्या आतबाहेर. आजच्या हिशेबाने ही ताकद काहीच नाही. पण या घराण्यामुळेच तालुक्याच्या गावातसुद्धा तिचा एखादा सुटा भाग मिळतो आणि तिच्या पोटात हात घातलेला मिस्त्री सापडतो. काश्मीरमध्ये आणि अरुणाचलमध्ये अजूनही लोक 'सुमो पकडायची' म्हणतात तेव्हा त्यांना शेअर टॅक्सीच म्हणायची असते. लांबच्या, आडवाटेच्या प्रवासासाठी गाडी निवडताना मी ताकदीपेक्षा हे जास्त मोजतो. काझाला बिघडली तर काझाला दुरुस्त होईल का?

आता आधी पैशाचं बोलू, म्हणजे ज्यांना थांबायचं ते इथेच थांबतील.

आमचा खर्च सुमारे सव्वातीन लाख झाला, आणि चौदा महिने लागले. त्यातला सर्वांत मोठा वाटा इंजिन आणि टिंकरिंगचा, मग टायर, सस्पेन्शन, वायरिंग. बाबा म्हणाले, "एवढ्या पैशात दुसरी नाही का येत?" येते. थोडे आणखी घातले तर आठ-नऊ वर्षं जुनी, बऱ्या अवस्थेतली बोलेरो येते, आणि ती पहिल्या दिवशीच रस्त्यावर असते. निव्वळ हिशेबाने जुनी सुमो उभी करणं हा व्यवहार नाही. तुमच्याकडे गाडीशी काही नातं असेल, जवळ भरवशाचा मिस्त्री असेल आणि वर्षभर दर रविवार द्यायची तयारी असेल तरच यात पडा. फक्त 'ओव्हरलँडिंग करायचंय' म्हणून ओएलएक्सवरून पंचवीस वर्षांची गाडी आणू नका.

दुसरी गोष्ट कायदा. यूट्यूबवर ज्या गाड्या बघून आपली मुलं वेडी होतात, त्यातल्या निम्म्या आपल्याकडे रस्त्यावर आणता येणार नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने जे मूळ वैशिष्ट्य नोंदवलंय त्याच्या विरुद्ध जाणारा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढचा लोखंडी बंपर, ज्याला आपण क्रॅश गार्ड म्हणतो, त्यावर डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. आणि दंडाची भीती नसली तरी विम्याची असू द्या. अपघात झाला, सर्व्हेअरने खाली वाकून बघितलं आणि इंजिन आरसीवरच्या नंबराचं नसलं, तर पुढचं तुम्हीच समजून घ्या.

त्यामुळे 'सुमोत तीन लिटरचं इंजिन टाकू' ही माझ्या चुलतभावाची योजना पहिल्याच बैठकीत बाद झाली. त्याच जातीचं, त्याच इंधनाचं इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं. आम्हाला तेही नको होतं, कारण मूळ ब्लॉक चांगला निघाला. रंगही तोच ठेवला. रंग बदलला तर तोही आरसीवर चढवावा लागतो. नूतनीकरणाची फी मात्र वाढत चाललीय. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीला एप्रिल 2022 पासून 5000 रुपये झाले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या गाडीला ते 10,000 झाले. आमचं 2024 मध्ये झालंय, म्हणजे 2029 ला दहा हजार तयार ठेवायचे.

कामाला कुठून सुरुवात करायची यावर आमच्या मिस्त्रींनी एका वाक्यात निकाल दिला. वय साठीच्या पुढे, उर्दू, कानडी आणि मराठी तिन्ही एकाच वाक्यात बोलणार. मी पेंटचं शेडकार्ड घेऊन गेलो होतो. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "मोदल ब्रेक, आम्याल पेंट." आधी ब्रेक, मग पेंट. मग हातात छोटी हातोडी घेऊन गाडीखाली शिरले आणि चासीवर टकटक करत पुढून मागे गेले. चांगलं लोखंड टणक वाजतं, गंजलेलं बद्द वाजतं. वीस मिनिटांत खडूने अकरा फुल्या मारल्या. चासीच्या दोन आडव्या पट्ट्या, मागच्या चाकांवरच्या कमानी, दारांचे तळ, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा. कारवारच्या समुद्राकाठच्या वाऱ्या आणि शेडमधली ओल, दोन्हींचा हिशेब एकदम निघाला.

तुमच्या गाडीचा निर्णय इथेच होतो. पत्र्याचा गंज कापून नवा पत्रा जोडता येतो, आणि तो जोडायचाच. वरून पुट्टी लावून रंग मारणारे ढिगाने मिळतील, दुसऱ्या पावसाळ्यात फुगे येतात. पण चासीची मुख्य लांब दोन अंगं सडली असतील तर गाडीला हात जोडा आणि भंगारवाल्याला बोलवा. त्याहून वेगळं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. आमच्या आडव्या पट्ट्या बदलल्या, मुख्य अंगं शाबूत होती. आतल्या पोकळ्यांमध्ये मेणासारखं गंजरोधक फवारलं. दिसत नाही, फोटोत येत नाही, पण माझ्या मते सगळ्या खर्चातला सर्वांत शहाणा खर्च तोच.

ब्रेकचं थोडं जास्त सांगतो, कारण आपल्या चारी बाजूंना घाट आहेत. अंकोल्याला जायचं तर आरबैल, गोव्याला अनमोड नाहीतर चोर्ला, कुमट्याला देवीमने. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं हे फार थोड्यांना माहीत असतं. डॉट-3 जातीच्या ताज्या तेलाचा उकळण्याचा किमान दर्जा 205 अंश सेल्सिअस धरतात. ओलावा खाल्लेल्या तेलाचा 140. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलात तर तेवढी उष्णता सहज होते. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडे दाबले जातात, तेल दाबलं जात नाही. म्हणजे पाय थेट फरशीला. सहा वर्षं उभ्या गाडीतलं तेल तर सरबतासारखं तपकिरी झालं होतं. आम्ही लोखंडी पाइप, रबरी होज, मागच्या ड्रममधले सिलिंडर, मास्टर सिलिंडर, सगळं नवं घातलं. त्यातही एका दुकानातून कंपनीच्या खोक्यात नकली सिलिंडर मिळाला. मिस्त्रींनी रबर नखाने दाबून ओळखला. तेव्हापासून ब्रेकचा भाग जुन्या भागाशेजारी ठेवून, वजन करून घेतो. हसू नका, तराजू लगेच सांगतो.

टायरबद्दल एकच. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. 2317 म्हणजे 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही खोल दिसो, उभ्या गाडीचे टायर दगड झालेले असतात. पाचही बदला, माप मूळचंच ठेवा.

इंजिन उघडलं तेव्हा मला वाटलं होतं की हा सगळ्यात मोठा अध्याय होईल. तसं झालं नाही. हेड प्लेन केलं, व्हॉल्व्ह बसवले, रिंगा बदलल्या, क्रँक बेळगावला उद्यमबागेत ग्राइंडिंगला पाठवला. डिझेल पंप आणि नोझल बेंचवर लावून घेतले. पंपाचं काम करणारे इथे पूर्वी बरेच होते, आता हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच उरलेत, कारण नव्या गाड्यांत कॉमन रेल आलं आणि ते काम लॅपटॉपवर गेलं. (माझ्या धंद्यानेच त्यांचा धंदा खाल्ला, असं मिस्त्री मला दर रविवारी ऐकवतात.) एप्रिल 2020 पासून मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक फार कमी, दहा लाखांत दहा भाग. जुन्या पंपांची जुनी रबरी सील त्यावर कधी कधी गळू लागतात. म्हणून पंप उघडलाच आहे तर सील चांगल्या प्रतीचे घाला. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालणं कायमचं बंद करा. त्यातला चुना आत थर धरतो. आमच्या रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या त्यानेच बुजल्या होत्या. धुराची चाचणी पास झाली. जुन्या डिझेलला मर्यादा 65 हार्ट्रिजची आहे, आमची पंप लावून घेतल्यावर तिच्या बरीच खाली आली. काळा धूर ओकणारी जुनी गाडी फिरवण्यात काही मर्दुमकी नाही.

आता माझा आवडता भाग, वीज.

जुनी गाडी 'मॉडर्न' करायची म्हणजे काय, तर बहुतेक ठिकाणी वायरिंगच. मूळ वायरिंग पंचवीस वर्षांत चार-पाच जणांनी टेप लावून वाढवलेलं असतं. कधी हॉर्न, कधी टेप, कधी देवाचा लुकलुकता दिवा. ते आम्ही मुळापासून काढलं. प्रत्येक वायरला फ्यूज, प्रत्येक फ्यूजला चिठ्ठी. हेडलाइटला रिले लावला, म्हणजे प्रवाह स्विचमधून न जाता थेट बॅटरीतून येतो. साधा हॅलोजन बल्बच आहे, तरी उजेड दीडपट वाटतो. समोरच्याचे डोळे दिपवणारे एलईडी टाकू नका, ते त्या काचेसाठी बनलेलेच नसतात.

मुक्कामाच्या प्रवासाला दुसरी बॅटरी लागते. हिशेब असा. छोटा गाडीतला फ्रीज दिवसाला साधारण 450 वॅट-अवर खातो. लॅपटॉप साठ वॅटचा, तीन तास, म्हणजे 180. दिवे, मोबाइल, छोटा पंखा मिळून शंभर. बेरीज सातशेच्या वर. 100 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी 1280 वॅट-अवरची असते, म्हणजे दीड दिवस निभतो. ती भरायला वीस अँपिअरचा डीसी चार्जर बसवला. तीन तास गाडी चालली की साडेसातशे-आठशे वॅट-अवर परत आत. म्हणजे रोज तीन तास चालवलं तर सोलर पॅनलची गरजच नाही, आणि आम्ही तो लावलाही नाही. लिथियम बॅटरीला अल्टरनेटरची तार थेट जोडू नका. ती हपापल्यासारखी प्रवाह ओढते, आणि जुन्या गाडीचा लहान अल्टरनेटर त्यात जळतो.

आणि वायरची जाडी! इथे लोक शंभर रुपये वाचवतात. पुढच्या बॅटरीपासून मागच्या पेटीपर्यंत चार मीटर, जाऊन-येऊन आठ. अडीच एमएमच्या तांब्याच्या वायरमधून वीस अँपिअर नेले तर वाटेतच एक व्होल्टच्या वर पडतो आणि तेवढी उष्णता त्या वायरीत, गालिच्याखाली निघते. सहा एमएमच्या वायरमध्ये तोच आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. आम्ही दहा घातली. फ्यूज बॅटरीला चिकटून हवा, मागच्या टोकाला नव्हे. वाटेत वायर घासून चासीला लागली तर मागचा फ्यूज काय करणार? दोन किलोचा अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी ठेवलाय.

एक छोटी करामत माझी. जुन्या गाडीचा तापमानाचा काटा रेडिएटरच्या पाण्याचं तापमान बघतो. पाणीच गळून गेलं तर सेन्सर वाफेत लोंबकळतो आणि काटा बिनधास्त खाली येतो, इकडे हेड वाकतं. म्हणून हेडच्या धातूला एक सेन्सर कसला, तो एका छोट्या ईएसपी32 बोर्डाला जोडला, आणि मर्यादा ओलांडली की डॅशबोर्डवर बझर वाजतो. दीड हजाराच्या आत काम झालं. कॉलेजात जाणाऱ्या कुणाला करून बघायचं असेल तर सर्किट देतो. बीईच्या प्रोजेक्टला चालून जाईल, फक्त 'एआय बेस्ड' असं नाव देऊ नका.

आता ज्यावरून घरात खरोखर भांडण झालं ते. सीट.

सुमोच्या मागे समोरासमोर दोन आडव्या सीट असतात. आमच्या सगळ्यांचं लहानपण त्यांच्यावर गेलं. गुडघ्याला गुडघा, मध्ये पुरीभाजीचा डबा. गाडी तयार होत आली तशी आज्जीने यादी केली: तुळजापूरला कोण कोण. नऊ नावं, त्यात भावाची तीन वर्षांची मुलगी. मी म्हटलं, मागच्या सीटवर कुणीही बसणार नाही.

कारण सांगायला आकडा लागला. गाडी ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगात असताना आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर पंधरा किलोचं मूल त्या क्षणाला दोनशे किलोंच्या वर ओढ घेतं. कुठल्याही आईचा हात ते धरू शकत नाही. आडव्या सीटला बेल्ट नाही, आणि असता तरी माणूस त्यात कंबरेतून बाजूला मोडतो. आमच्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. या दोन्ही गोष्टी नव्या गाड्यांना 2019 मध्ये सक्तीच्या झाल्या. वीस वर्षं आधीच्या गाडीत त्या मागून बसवता येत नाहीत. मग जे हातात आहे तेवढं तरी पुरतं करायला हवं. मधल्या सीटला दोन तीन-बिंदू बेल्ट बसवले. त्यासाठी खांबाच्या पत्र्यात नुसता बोल्ट मारून चालत नाही, मागून जाड पोलादी प्लेट लागते आणि बोल्टही बेल्टसाठीचाच, उच्च ताकदीचा. मुलीसाठी चाइल्ड सीट. म्हणजे चार बेल्ट, चार माणसं, संपलं.

आज्जी म्हणाली, "चारच माणसं? मग ती कसली सुमो!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तिचं म्हणणं खरंच आहे. ती गाडी माणसांनी भरलेली असायची म्हणूनच आम्हाला ती हवी होती. आठवडाभर घरात गार वारं वाहत होतं. शेवटी तुळजापूरला दोन गाड्या गेल्या, आज्जी सुमोत पुढच्या सीटवर बेल्ट लावून, बाकीचे मागून भाड्याच्या गाडीत. बेल्ट खांद्याला टोचतो म्हणून तिने त्यावर पदर घेतला. परत आल्यावर काहीच बोलली नाही, म्हणजे पसंत पडलं असावं. भावजय मात्र मला म्हणाली, "भावोजी, तुम्ही अडून बसलात ते बरं केलंत."

मागच्या आडव्या सीट आम्ही काढल्या नाहीत. काढल्या की आरसीवरची आसनसंख्या बदलते आणि पुन्हा कार्यालयाच्या फेऱ्या. वर उचलून बांधल्या, मधल्या जागेत प्लायवूडची खणांची पेटी, पट्ट्यांनी आवळलेली. गाडीला एकही नवं भोक पाडलं नाही. पासिंगच्या आदल्या दिवशी अर्ध्या तासात सगळं बाहेर. जड सामान खाली, चाकांच्या मध्ये; टपावर फक्त हलकं. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, ते टपावर चढवलं तर वळणावर गाडी तुम्हाला त्याची आठवण करून देते. टपावरचा तंबू पन्नास-साठ किलोंचा, शिवाय महाग. आम्ही जमिनीवरचा साधा तंबू घेतला. स्नॉर्केल, लाइटबार, बाजूला लटकवलेले डिझेलचे कॅन, यातलं काही नाही. देशात जिथे जिथे जायचं मनात आहे तिथे आदल्या गावी पंप आहे.

'पण मग हे ओव्हरलँडिंग कसलं?' असं विचारणाऱ्या भाच्यांसाठी दोन गाड्यांच्या गोष्टी. जर्मनीचे गुंथर होल्टॉर्फ, पूर्वी लुफ्तान्सात होते. 1988 ची मर्सिडीज 300 जीडी, 88 हॉर्सपॉवरचं साधं डिझेल, टर्बो नाही. नाव 'ऑटो'. 1989 ते 2014, पत्नी क्रिस्टीन असेपर्यंत तिच्याबरोबर, तिने जगभर सुमारे नऊ लाख किलोमीटर केले. झोपायचे गाडीच्याच मागे गादी टाकून. आज ती गाडी श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात आहे. दुसरी गोष्ट लँड रोव्हरची. 1955-56 मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी दोन गाड्या लंडनहून सिंगापूरला नेल्या. त्यातली 'ऑक्सफर्ड' नावाची गाडी पुढे अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर जाऊन पडली होती. तिथून 2017 मध्ये परत आणली, दुरुस्त केली, आणि 2019 मध्ये ऑगस्ट ते डिसेंबर तीच गाडी उलट दिशेने सिंगापूरहून लंडनला चालवत नेली. मूळ मोहिमेतले टिम स्लेसर तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. ऐन वेळी तब्येत बिघडली म्हणून त्यांच्या जागी नातू नॅट जॉर्ज बसला. दोन्ही गाड्यांत बघण्यासारखं हे की त्यांचं सगळं हाताने उघडता येतं. जुन्या गाडीचं हे बळ काढून घेऊन तिच्यात स्क्रीन कोंबायला मला तरी हात धजला नाही.

चाचणीची फेरी गेल्या महिन्यात झाली. कलघटगी, येल्लापूर, आरबैल घाट, अंकोला, कारवार. परतीला कद्रा, अणशी, जोयडा, दांडेली, हल्याळ करत धारवाड. आरबैल दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो, ड्रम हात लावण्याइतके कोमट. अणशी चढताना बझर एकदा वाजला, पंख्याचा पट्टा सैल होता, दहा मिनिटांत आवळला. लिटरला सरासरी साडेअकरा पडली. दांडेलीच्या पुढे डाव्या मागच्या बाजूने एक खडखड सुरू झाली. पाट्याचा बुश वाटला होता, निघाला पेटीतला कुकर.

पुढे डिसेंबरात कच्छ. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात स्पिती. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब इथल्यापेक्षा बराच कमी, समुद्रसपाटीच्या जेमतेम 57 टक्के. टर्बो नसलेलं इंजिन तिथे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद गमावतं. कुंझुमला आमची सुमो कासवासारखी चढणार हे धरूनच दिवस ठरवतोय. जुन्या डिझेलला दिल्ली आणि एनसीआरची दारं बंद समजायची, त्यामुळे जयपूरहून सीकर, चुरू, हिसार, अंबाला असा वळसा. एनसीआर म्हणजे फक्त दिल्ली नव्हे. अलवर, रोहतक, कर्नाल हे जिल्हेही त्यात येतात, नकाशा नीट बघा. बरोबर न्यायच्या सुट्या भागांची पेटी मिस्त्रींनी स्वतः भरायची म्हणून सांगितलंय. फॅनबेल्ट, होज, पाण्याचा पंप, क्लचची केबल की सिलिंडर यावर त्यांचा आणि माझा वाद चालू आहे.

ज्यांच्याकडे गाडी उभी आहे त्यांच्यासाठी: येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मिस्त्री दोन तास द्यायला तयार झालेत. मंडळाच्या ग्रुपवर नाव टाका, एकेका घरी जाऊन गाडी बघू. आरसी आणि विम्याची प्रत काढून ठेवा, गाडीखालची जागा झाडून घ्या. टॉर्च मी आणतो, हातोडी ते आणतील.